मत्स्यव्यवसाय की मत्स्योद्योग? आधी सही कशावर करायची ते बघा

पुतणीने दुपारी मत्स्योद्योग विकास महामंडळाच्या एका जाहिरातीचा फोटो पाठवला. पोरगी रत्नागिरीच्या शिरगावातल्या मत्स्य महाविद्यालयातून बी.एफ.एस्सी. (मत्स्यशास्त्राची पदवी) झालेली, त्यानंतर दोन वर्षं एका कोळंबी प्रकल्पावर. फोटोखाली एकच ओळ होती : “काका, प्रादेशिक व्यवस्थापक म्हणजे आपला प्रादेशिक उपायुक्तच ना? अभ्यास तोच करू ना?”

मी मच्छीमार सोसायटीत बरीच वर्षं कारकुनी केली. परवान्याचे अर्ज घेऊन एका दारात आणि बर्फाची थकलेली बिलं घेऊन दुसऱ्या दारात, असा दोन्हीकडे उभा राहिलोय. त्यामुळे “नाही” एवढं लगेच लिहिलं. मग संध्याकाळी तिचा फोन आला आणि तो तासभर चालला.

घोळ नावापासूनच आहे. राज्य सरकारचं खातं म्हणजे मत्स्यव्यवसाय विभाग. त्याचे आयुक्त अनेक वर्षं चर्नी रोडच्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या इमारतीत बसायचे. दुसरीकडे 1973 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मत्स्योद्योग विकास महामंडळ. ती कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी आहे, मालक सरकार. व्यवसाय आणि उद्योग या दोन शब्दांत बोलीभाषेत फरक तो काय? जेटीवरचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, दोघांनाही ‘फिशरीजवाले’ म्हणतो आणि त्याचं चुकत नाही. पण नोकरी शोधणाऱ्याने तेच केलं तर वर्ष वाया जातं.

तिला मी म्हटलं, पदनाम बाजूला ठेव. त्या खुर्चीतला माणूस दिवसभर सही कशावर करतो ते बघ. विभागातला अधिकारी सही करतो ती परवान्यावर, तपासणी अहवालावर, नोटिशीवर, अनुदानाच्या प्रस्तावावर. महामंडळातला व्यवस्थापक सही करतो ती बिलावर, भाडेकरारावर, दुरुस्तीच्या टेंडरवर, चेकवर.

ऑगस्टचा पहिला दिवस डोळ्यांसमोर आणा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. ती उठते तेव्हा जुनी माणसं नारळी पौर्णिमेची वाट बघत असतात, कर्जाचे हप्ते थकलेला नाखवा (बोटीचा मालक) मात्र पहाटेच निघायला टपलेला असतो. त्या आठवड्यात सहायक आयुक्तांच्या कार्यालयात आणि परवाना अधिकाऱ्याच्या टेबलासमोर काय चालतं? बोटीचा ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा नंबर रंगवलाय का, परवान्याची मुदत आहे का, विमा आहे का, खलाशांची ओळखपत्रं आहेत का. त्याच आठवड्यात महामंडळाच्या बर्फ कारखान्यात निराळीच धावपळ. दोन महिने थंड पडलेला कॉम्प्रेसर सुरू करायचा, अमोनियाचा वास कुठून येतोय ते शोधायचं, लाद्या वेळेवर सुटतात का बघायचं, कारण सगळ्या बोटींना खणात भरायला बर्फ एकाच वेळी हवा असतो. लादी अर्धवट गोठलेली निघाली तर बोट शेजारच्या खासगी कारखान्यात जाते आणि पुढचा सगळा हंगाम तिथेच जाते. परवान्याच्या टेबलाला अशी स्पर्धा नाही. उशीर झाला म्हणून नाखवा शेजारच्या दुकानातून परवाना आणू शकत नाही.

पगार कुठून येतो, त्यावरूनही हे कळतं. विभागातल्या उपायुक्तांचा पगार कोषागारातून निघतो. त्यांच्या विभागात दंड किती वसूल झाला याचा त्या पगाराशी संबंध नाही. दंडाचा पैसा सरकारजमा होतो. असायलाही हवं असंच. कंपनीत मात्र बर्फ विकायचा, गोदामाचं भाडं वसूल करायचं, त्यातून वीजबिल आणि पगार भागवायचे आणि वर्षाअखेरीस ताळेबंद मांडायचा. ससून डॉकचंच बघा. 1875 मधला हा डॉक, जागा मुंबई बंदर प्राधिकरणाची, त्यातली काही गोदामं महामंडळाकडे भाड्याने आणि आत धंदा करणारे मासळी व्यापारी आणखी तिसरे. अशा तिपेडी भाडेकराराची फाइल हाताळायची तर बांगड्याच्या प्रजननकाळाचं ज्ञान फारसं कामाला येत नाही.

विभागाच्या बाजूचं वजन मात्र गेल्या काही वर्षांत खूप वाढलं आहे, आणि हे परीक्षा देणाऱ्या पुष्कळ मुलांच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा. पूर्वी बेकायदा मासेमारीचं प्रकरण तहसीलदारांपुढे चालायचं. तहसीलदारांकडे जमीन, निवडणूक, टंचाई, दाखले. त्यात जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाच्या मापाचा, खटला कधी निघणार! 2021 च्या दुरुस्तीने तो निवाड्याचा अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आला आणि दंडही लाखांत गेले. म्हणजे आता सहायक आयुक्त हा अर्धा न्यायाधीश आहे. समोर मासळी ओढायला बेकायदा एलईडी दिवे लावणारा बोटमालक वकील घेऊन उभा, मागे पारंपरिक मच्छीमारांचा जमाव, आणि आदेश असा लिहायचा की वरच्या कोर्टात टिकेल. त्याच्या वरचा प्रादेशिक उपायुक्त अशा अनेक कार्यालयांवर देखरेख करतो. नाशिक, नागपूर अशा किनारा नसलेल्या विभागांत त्याच्या टेबलावर तलाव ठेके, सहकारी संस्थांचे वाद आणि मत्स्यबीज, म्हणजे तलावात सोडायची माशांची पिल्लं. समुद्र तिथे फक्त भिंतीवरच्या नकाशात.

आता भरती. विभागातली राजपत्रित पदं घटनेच्या कलम 309 खालच्या सेवाप्रवेश नियमांनी बांधलेली. थेट भरती लोकसेवा आयोगामार्फत, आणि उपायुक्तांसारखं वरचं पद प्रामुख्याने बढतीचं. उद्या सकाळी पदवी घेऊन कुणी प्रादेशिक उपायुक्त होत नाही. खालच्या पायरीवर आयोगाची परीक्षा देऊन शिरायचं आणि चढत जायचं. कंपनीत संचालक मंडळाने मंजूर केलेले स्वतःचे सेवानियम असतात. त्यातून थेट जाहिरात, कंत्राट किंवा प्रतिनियुक्ती (दुसऱ्या खात्यातला माणूस ठरावीक मुदतीसाठी उसना घेणं) यांपैकी काहीही होऊ शकतं. सरकारी कंपनी असल्यामुळे आरक्षण आणि माहिती अधिकार दोन्हीकडे लागू. मनमानी नेमणूक तिथेही कोर्टात आव्हान देता येते. पण उद्या तुम्हालाच काढून टाकलं तर? सरकारी नोकराला कलम 311 चं संरक्षण आहे, म्हणजे सहसा चौकशी केल्याशिवाय काढता येत नाही, आणि दाद मागायला मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आहे. महामंडळाच्या कर्मचाऱ्याला 311 मिळत नाही. त्याला सेवानियमांचा आधार घेऊन सहसा उच्च न्यायालय गाठावं लागतं. कंत्राटी असाल तर 2006 चा उमादेवी खटल्याचा निकाल आहेच : नुसती वर्षं भरली म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही.

दोन माणसं वेगळी लागतात, हे नेमणाऱ्यांनाही कधीकधी उमगलेलं नसतं. तरुणपणी मी एका सरकारी कंपनीत, नाव नको, जेटीवरच्या व्यवस्थापकपदाच्या मुलाखतीला गेलो होतो. टेबलामागे चौघं. पहिला प्रश्न : बांगड्याचं शास्त्रीय नाव? मी ‘रास्ट्रेलिगर कनागुर्टा’ म्हणालो आणि चौघंही खूश. मग सुरमईचं विचारलं. बाहेर येताना व्हरांड्यात तीन बंद वजनकाटे धूळ खात पडलेले दिसले. ते कधी दुरुस्त होणार, उधारीवर बर्फ नेणाऱ्या सोसायटीकडून पैसे कसे काढशील, कॉम्प्रेसर रात्री दोन वाजता बसला तर कुणाला उठवशील, यातलं एक अक्षरही कुणी विचारलं नव्हतं. नोकरी मला मिळाली नाही, ते सोडा. ज्याला मिळाली त्याचीही शास्त्रीय नावं पाठ होती.

माझ्या हातात असतं तर कंपनीच्या जागेसाठी शीतसाखळी, खरेदी-विक्री आणि वसुलीचा अनुभव आधी पाहिला असता, मत्स्यशास्त्राची पदवी नंतर. विभागाच्या जागेसाठी नेमकं उलटं : मासळी ओळखता आलीच पाहिजे, कायदा वाचता आला पाहिजे, आणि आमदाराचा फोन आल्यावर आवाज बदलता कामा नये. हा शेवटचा गुण मोजायची परीक्षा अजून निघायची आहे.

गुंता खरा वाढतो तो प्रतिनियुक्तीमुळे. विभागातला अधिकारी काही वर्षांसाठी महामंडळात जातो. मूळ खात्यात त्याचा धारणाधिकार, म्हणजे आपल्या जागेवरचा हक्क, शाबूत, मुदत संपली की परत. वन विभागातही हेच दिसतं : वन विकास महामंडळाच्या प्रादेशिक व्यवस्थापकाच्या खुर्चीत वनसेवेतला अधिकारी असतो. म्हणून लोकांना वाटतं की खुर्च्या एकच. साहेब तेच, चहा तोच, फक्त दारावरची पाटी बदलली. मला ही सोय थोडी खटकते. काल ज्याने एखाद्या बोटीला दंड लावला त्यानेच आज त्याच बोटीला बर्फ उधार द्यायचा, आणि दोन वर्षांनी पुन्हा दंडाच्या खुर्चीत बसायचं, हे त्या माणसालाही सोपं नसतं. नवीन अधिकारी मिळत नाहीत म्हणून जुनेच फिरवले जातात, हेही तितकंच खरं.

एवढं सगळं बोलून झाल्यावर पुतणीला म्हटलं, आता जाहिरातीचं दुसरं पान पाठव. तिने पाठवलं. शेवटून तिसऱ्या ओळीत, बारीक अक्षरात, ‘सदर पद प्रतिनियुक्तीने भरण्यात येईल’ असं होतं. म्हणजे आधीच सरकारी सेवेत असलेल्यांसाठीच. तिच्या तोंडून काही शब्द आला नाही. मी विचारलं, अर्ज भरलास का कुठे?

“अर्धा भरलाय,” ती म्हणाली. “‘मूळ विभाग’ असा एक रकाना होता. मी कोकण लिहिलं.”