‘तीस टक्के बदललं की कोड आपला’?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शेअर बाजाराच्या ग्रुपांवर एक मेसेज कायम फिरतो: ‘दुसऱ्याच्या ट्रेडिंग कोडमधलं तीस टक्के बदला, मग बिनधास्त पुढं पाठवा.’ ट्रेडिंग कोड म्हणजे शेअर कधी घ्यायचा, कधी विकायचा हे सांगणारा संगणक प्रोग्राम. आकडा ठाम असल्यामुळं मेसेज खरा वाटणं साहजिक आहे.

पण कॉपीराइट कायदा, 1957 मध्ये अशी टक्केवारी कुठंच नाही. कलम 2(ओ) वाचा: संगणक प्रोग्राम ‘साहित्यकृती’त मोडतो. कलम 14 नुसार त्याच्या प्रती काढण्याचा, त्यात फेरफार करून नवं रूप देण्याचा हक्कही मालकाचाच. नुसती व्हेरिएबलची (कोडमधल्या किमतींना दिलेली) नावं बदलून काय होणार? कायदा केंद्राचा, त्यामुळं राज्याच्या सीमेवरचा कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूरला पाठवलं तरी फरक पडत नाही.

ट्रेडिंगच्या पद्धतीचं मात्र वेगळं. शेअरच्या भावाची 20 दिवसांची सरासरी 50 दिवसांच्या सरासरीला खालून छेदून वर गेली की खरेदी, ही कल्पना झाली. तिच्यावर कॉपीराइट नाही. पेटंट कायद्याचं कलम 3(के) व्यवसायपद्धती आणि अल्गोरिदम (पायरीपायरीनं काम करण्याची रीत) पेटंटमधून वगळतं. स्वतः कोऱ्या फाइलपासून लिहिलेला कोड तुमचाच.

पण हीच पद्धत पैसे भरून क्लासात शिकलात आणि गुप्ततेच्या अटीवर सही केलीत, तर करार आडवा येतो. सही नसली तरी मूळ माणसाचं नाव लिहावं, असं माझं मत.

तपासणं सोपं: फाइलच्या सुरुवातीला परवाना, म्हणजे कोड कसा वापरता येईल याची लिहिणाऱ्यानं दिलेली परवानगी, बघा. परवानाच नसेल तर ‘फुकट’ असं समजू नका, लिहिणाऱ्याला विचारा. क्लासची पावती आणि अटींचा कागदही एकदा काढून वाचा.