प्यादं एक घर की दोन? देशी बुद्धिबळाच्या वादामागची गोष्ट

आपला देशी डाव सोडून आपण आंतरराष्ट्रीय नियम घेतले ते बरं झालं की वाईट, हा वाद पुण्यातल्या जुन्या बुद्धिबळवेड्या घरांतून अजून निघतो. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात आजोबा कापडी पटावर खेळायचे. शाळेत नवे नियम शिकून आल्यावर मी पहिल्याच खेळीत राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. आजोबांनी ते चिमटीत धरून एक घर मागे ठेवलं. "पायदळ आहे ते, घोडा नव्हे," एवढंच म्हणाले.

देशी डावात प्यादं नेहमी एकच घर चालतं. किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) नाही, त्याऐवजी राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते, पण त्याआधी शह बसला की ती गेली. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या उभ्या पट्टीत पोचलं त्या पट्टीत सुरुवातीला असलेलं मोहरं होतं, हवा तेव्हा वजीर मिळत नाही. समोरच्याचा राजा एकटा उरला तर ती बुर्जी, पुरा विजय नव्हे. प्याद्याने मात केली तर मान सगळ्यात मोठा. सुरुवात संथ होते, फळी बांधायला वेळ मिळतो, आणि कुणाला कुणाचा जोर आहे हे मोजण्यातच निम्मा डाव जातो.

या खेळाचा माग आपल्याकडे फार मागे जातो. सातव्या शतकात बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त चतुरंगाचा, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या रूपाचा, उल्लेख येतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त त्याचं वर्णन आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठांनीही सतराव्या शतकात 'नीतिमयूखा'त त्याची रीत सांगितली.

म्हणून देशी डाव अस्सल, असं मात्र मला म्हणवत नाही. जुन्या चतुरंगातला मंत्री तिरपा एकच घर चालायचा. पटभर धावणारा वजीर पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात आला, आणि पुढे आपणही तो घेतला. उलट, युरोपातला किल्लेकोट तिथल्या राजाच्या जुन्या उडीतूनच घडला. देवाणघेवाण आधीपासूनच चालू होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळावरचं इंग्रजी पुस्तक १८१४ मध्ये मुंबईत छापलं गेलं, तेव्हा संस्कृतातले डाव 'युरोपीय पद्धतीला जुळवून' दिले आहेत, असं शीर्षकातच लिहिलं होतं.

वादातल्या दोन्ही बाजूंचे लोक पंजाबातल्या सुलतान खान या खेळाडूचं नाव घेतात. तो देशी नियमांवर वाढला, युरोपीय नियम मोठेपणी शिकला आणि १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश विजेता झाला. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेता कापाब्लांकालाही हरवलं. एक बाजू म्हणते, पाहा, देशी तालमीने डावाचा शेवट किती पक्का होतो! दुसरी म्हणते, सुरुवातीच्या खेळ्यांत तो कच्चाच राहिला. मला दोन्ही खरं वाटतं.

बदल अटळ होता. गावोगावचे नियम वेगळे, त्यामुळे दोन गावचे खेळाडू समोरासमोर बसले की आधी नियमांवरच घासाघीस व्हायची. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ झाला, आणि १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले. पुण्याचा अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाला, तोही याच वाटेने. त्या वाटेवर मी नाराज नाही.

पण नियम एक करताना जुने नियम नीट उतरवून ठेवायला हवे होते, याची मला मनापासून हळहळ वाटते. आजोबांच्या पटावर घोड्याच्या पट्टीतलं प्यादं शेवटच्या घरात पोचलं की घोडा व्हायचं आणि लगेच एक खेळी जास्त मिळायची. आमचे मिरजेचे मामा हे कधीच मानत नसत. आजोबांनी तसा घोडा उठवला की ते पटावर हात आडवा धरायचे, आणि डाव तिथेच थांबायचा.