स्नायुशोथातील उत्स्फूर्त रक्तस्राव

मार लागलेला नसताना, त्या जागी इंजेक्शनही दिलेले नसताना स्नायूच्या आत रक्त साचणे ही मायोसायटिसची, म्हणजे दाहक स्नायुविकाराची, दुर्मिळ पण जिवावर बेतणारी गुंतागुंत आहे. नोंदलेले बहुतेक रुग्ण डर्मॅटोमायोसायटिसचे, म्हणजे स्नायूंसोबत त्वचेलाही दाह होणाऱ्या प्रकाराचे असतात.

त्या मूळ आजारात पापण्यांवर जांभळट लाली येते, बोटांच्या पेरांवर खरबरीत चट्टे उठतात आणि खांदे-मांड्यांतले बळ जाते. ठाणे स्थानकाचा जिना कठड्याला धरून चढावा लागतो, लोकलमधल्या कडीपर्यंत हात पोचत नाही. अशा माणसाचे अंग आधीच दुखत असते, आणि घोटाळा तिथेच होतो. मांडी किंवा कंबर अचानक जास्त दुखू लागली की घरचे ‘आजार उसळला’ म्हणतात. कधी डॉक्टरही तसेच समजतात.

डर्मॅटोमायोसायटिसमध्ये प्रतिकारशक्तीचा हल्ला स्नायूतल्या केशवाहिन्यांवरही होतो. आजारावर दिलेल्या स्टेरॉइडने ऊती नाजूक होतात. फुप्फुसे बाधित असतील तर खोकल्याच्या उबळीने पोटाच्या स्नायूवर ताण येतो. त्यात भर हेपॅरिनची. या आजारात पायाच्या शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढलेला असतो, म्हणून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला रक्त पातळ ठेवणारे हे इंजेक्शन देतात. ते देणे चूक नव्हे; पण ते चालू असताना नवी वेदना उठली, तर आधी रक्तस्रावाचा विचार व्हायला हवा.

पोटाच्या सरळ स्नायूत रक्त साचले की हाताला गाठ लागते. मांडी फुगते, तिच्यात लिटरभर रक्तही मावते. फसवा तो कमरेच्या आतला सोअस स्नायू. बाहेरून काहीच दिसत नाही. रुग्ण गुडघा पोटाकडे ओढून पडून राहतो, पाय सरळ करू देत नाही, आणि मज्जातंतू दाबला गेला तर मांडीची पुढची बाजू बधिर होते. कुशीवरचा काळानिळा डाग उमटायला एखाददुसरा दिवस लागतो.

खूण सापडते ती साध्या तपासणीत. नाडी वाढलेली, आणि काल 10.8 असलेले हिमोग्लोबिन आज 7.2. पहिल्या काही तासांत मात्र हा आकडा घसरलेला नसतो, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. प्लेटलेट आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या पुष्कळदा व्यवस्थित येतात. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये. एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या चाचणीतला आकडा, लांबला असेल आणि हेपॅरिन चालू नसेल, तर रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत का ते पाहतात. त्याचे उपचार वेगळे.

निदान पक्के होते ते कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून औषध सोडून रक्तवाहिन्या उठून दिसतील अशा, सीटी स्कॅनने. हेपॅरिन थांबवतात, रक्त चढवतात आणि स्राव चालूच असेल तर जांघेतून नळी घालून रक्त गळणारी धमनी आतून बंद करतात. गाठ चिरून रिकामी करणे शक्यतो टाळतात, कारण साचलेल्या रक्ताचा दाबच स्राव रोखून धरत असतो. स्टेरॉइड एकदम बंद करत नाहीत.

धमनी बंद करण्याची सोय प्रत्येक रुग्णालयात नसते. नेरुळहून किंवा शहापूरहून रुग्ण दुसरीकडे हलवायचा झाला, तर स्कॅनची सीडी आणि हिमोग्लोबिनचे मागचे दोन्ही रिपोर्ट सोबत न्यावेत, हेपॅरिनचा शेवटचा डोस किती वाजता दिला तेही लिहून घ्यावे. नाहीतर आधीच वाटेतल्या वाहतूककोंडीत वेळ गेलेला असतो, आणि तिकडे पुन्हा पहिल्यापासून तपासण्या करण्यात आणखी जातो.

गाठ विरायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर त्या जागी तेल चोळायचे नाही.