व्यावसायिक ओळखपाळख : सांगली परिसर

आपण काय विकतो किंवा काय करून देतो, आणि आपल्यावर कितपत विसंबता येते, हे रोजच्या गिऱ्हाइकांपलीकडच्या माणसांना कळावे म्हणून छोट्या व्यावसायिकाने जाणीवपूर्वक जोडलेले व जपलेले संबंध म्हणजे व्यावसायिक ओळखपाळख. हल्ली यालाच सर्रास नेटवर्किंग म्हणतात. सांगली, मिरज आणि कुपवाडच्या बाजारात त्यासाठी जुने शब्द आहेत : ओळख काढणे, शब्द टाकणे, गाठ घालून देणे. यांतला सर्वांत नेमका प्रयोग म्हणजे ‘तिथं जा आणि माझं नाव सांगा’. हे म्हणणारा माणूस स्वतःची पत दुसऱ्याच्या कामावर लावत असतो. काम बिघडले तर बोल त्यालाही लागतो. छोट्या व्यावसायिकाचे नाव गावात होते ते बहुतांशी या वाक्यामुळे. फलक, पत्रक आणि मोबाइलवरची जाहिरात त्याच्या मागून येतात.

कोणाची ओळख कामाला येते

जवळच्या माणसांपेक्षा दुरून ओळखणारी माणसे नव्या संधी अधिक आणून देतात, हा विचार अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडला. बॉस्टनजवळच्या एका उपनगरात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारले, की ज्याने नोकरीची खबर दिली त्याची तुमची भेट किती वेळा होत असे? वरचेवर भेटणारे १६.७ टक्के निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. नमुना लहान होता आणि प्रश्न नोकरीचा होता, धंद्याचा नव्हता. पण कारण दोन्हीकडे लागू पडते. घरच्या आणि गल्लीतल्या माणसांना आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते. वेगळ्या वर्तुळात वावरणारा माणूस वेगळी बातमी आणतो.

सांगलीच्या हळद बाजाराने ही गोष्ट पुस्तकाची वाट न पाहता अमलात आणली आहे. मार्केट यार्डात राजापुरी हळदीबरोबर बाहेरून येणारी, येथे ‘परपेठ’ म्हणून ओळखली जाणारी हळदही सौद्याला लागते. कर्नाटकातला शेतकरी आणि दूरच्या शहरातला खरेदीदार यांनी एकमेकांना कधी पाहिलेले नसते. दोघांना ओळखणारा असतो तो अडत्या. माल त्याच्या दुकानी उतरतो, सौदा त्याच्यासमोर होतो, पैसे त्याच्यामार्फत फिरतात आणि अडत ही या मध्यस्थीची मजुरी असते. ज्या ओळखीला बाकीचे व्यावसायिक मनातल्या मनात मोल देतात, तिचा येथे उघड दर ठरलेला आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण, मिळाले, पण ही पेठ उभी राहिली ती पिढ्यान्‌पिढ्या दोन अनोळखी माणसांमध्ये उभ्या राहिलेल्या अशा दुकानदारांवर.

मिरजेची तंतुवाद्ये

ओळखीवर एक अख्खा व्यवसाय कसा उभा राहतो याचे उत्तम उदाहरण मिरजेतच आहे. सतारी आणि तंबोरे घडवणारी येथील घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. संस्थानी लढाया संपल्या, तलवारींचे काम आटले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात हे हात वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग घडणीकडे वळले. पंढरपूर भागातून येणारा भोपळा, लाकूड आणि जव्हारी (तारेला गुंजन देणारी घोडीची घासून केलेली घडण) लावणारा कान एवढ्यावर दर्जा येतो, गिऱ्हाईक येत नाही. तंबोरा घेणारा माणूस दुकानाची पाटी वाचून आत शिरत नाही. तो आपल्या गुरूला विचारतो, गुरू वाद्यकाराचे नाव सांगतो.

किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांचे दफन झाले, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गायन-वादनाचा उत्सव होत आला आहे. गावोगावचे गवई गाणे घेऊन त्याच गावात येतात, जिथे त्यांचे वाद्य जन्मले. कलावंताच्या मांडीवर किंवा पाठीमागे दिसणारा तंबोरा हीच वाद्यकाराची जाहिरात, आणि ती मैफलीला बसलेल्या नेमक्या माणसांपुढे होते. याहून नेमके गिऱ्हाईक कुठल्या जाहिरातीला मिळेल असे वाटत नाही. वाद्यकाराच्या कामातला मोठा भाग दुरुस्तीचा आहे. वाद्य विकून संबंध संपत नाही. तार तुटते, जव्हारी उतरते, खुंटी सैल होते आणि गायक पुन्हा सतारमेकर गल्लीत येतो. प्रत्येक फेरीत तो दुसऱ्या कुणाला तरी बरोबर आणतो किंवा कुणाचा तरी निरोप घेऊन येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी एरवी एकमेकांचे स्पर्धक असलेल्या वाद्यकारांना संघटित होऊन एका नावाने पुढे यावे लागले. स्पर्धकाशी ओळख ठेवणेही ओळखपाळखीतच मोडते, आणि छोटे व्यावसायिक नेमके तेच टाळतात.

गलाईवाले

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी टापूतील कुटुंबे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यासाठी देशभरातल्या सराफ पेठांत पसरली आहेत. हा धंदा जाहिरातीवर चालूच शकत नाही. सराफ आपले सोने काउंटरपलीकडच्या परक्या माणसाच्या हाती देतो आणि तो भट्टी पेटवतो. तिथे पहिल्या दिवशी विश्वास उसना घ्यावा लागतो, तो आधी तेथे बस्तान बसवलेल्या गाववाल्याकडून. गावाकडचा पोरगा नात्यातल्या किंवा गावातल्या दुकानात कामाला राहतो, काम शिकतो, पेठेतल्या सराफांच्या डोळ्यांपुढे काही वर्षे वावरतो आणि मग वेगळे दुकान थाटतो. यात्रेला सगळे गावी परततात तेव्हा कुठल्या शहरात जागा आहे, कुणाला माणूस हवा आहे, याच्या बातम्या तिथेच फिरतात. या जाळ्याची मर्यादाही उघड आहे. जो त्या गावाचा, त्या भावकीचा नाही त्याला हे दार बाहेरून दिसते, पण उघडत नाही.

किर्लोस्करवाडी आणि संघटित ओळख

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीपायी शेतकरी तो घेईनात. १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली आणि औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्नेहापोटी कुंडलजवळ माळरानाची जमीन आणि भांडवलासाठी कर्ज दिले. आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी अशी एका ओळखीवर वसली. त्याहून शिकण्यासारखी गोष्ट दहा वर्षांनी घडली. दूरदूरच्या गिऱ्हाइकांशी आणि एजंटांशी बोलणे राहावे म्हणून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघाले, आणि त्यातूनच पुढे मराठीतले एक मोठे मासिक उभे राहिले. माल घेऊन गेलेल्या माणसाला दर महिन्याला काही तरी सांगावेसे वाटणे हे त्या काळात अपूर्व होते.

ओळखीसाठीच भेटण्याची रीत मात्र बाहेरून आली. वकील पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये शिकागोत रोटरी क्लब सुरू केला तेव्हा सभासद एकमेकांना कामे देत आणि एका व्यवसायाचा एकच सभासद घेत. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत होई, त्यावरून हे नाव पडले. पुढे रोटरी समाजसेवेकडे वळली. एका व्यवसायाला एकच खुर्ची हा नियम १९८५ मध्ये इव्हान मिस्नर यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या बीएनआय (बिझनेस नेटवर्क इंटरनॅशनल) या संस्थेने पुन्हा उचलला. त्याला दर आठवड्याच्या भल्या सकाळच्या बैठकीची आणि एकमेकांना दिलेल्या शिफारशी मोजण्याची जोड दिली. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी २००० मध्ये सॅटर्डे क्लब सुरू केला. अशा बैठकांत शिफारशींचे आकडे वाचून दाखवतात. आकड्याने शिस्त येते, पण आकडा भरण्यासाठी दिलेली शिफारस गिऱ्हाइकाला चटकन कळते.

प्रत्यक्ष रीत

कुपवाड एमआयडीसीतला लेथवाला कुणी विचारले की सांगतो, ‘सगळी जॉबवर्क करतो’. ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो, कारण ‘सगळी’ या शब्दाला अडकवायला त्याच्या डोक्यात खुंटी नसते. तोच जर म्हणाला, ‘पंपाचे शाफ्ट करतो, पन्नास नगांची ऑर्डरही घेतो आणि घाईचा नग दुसऱ्या दिवशी देतो’, तर पुढे कधी पंपाचा कारखानदार अडलेला दिसला की ऐकणाऱ्याला हा माणूस आठवतो. आपल्या माघारी दुसऱ्याला बोलता येईल असे एक वाक्य त्याच्या हाती देणे हे या साऱ्या खटाटोपातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

दुसरे काम आधी देण्याचे. साच्याचे नमुने करणाऱ्या पॅटर्नवाल्याला फाउंड्री, म्हणजे ओतशाळा, दाखवणे, फाउंड्रीवाल्याला मशिनिंगवाला सुचवणे, आपल्याला न जमणारे काम ज्याला जमते त्याच्याकडे पाठवणे. ‘हे आमच्याकडे होत नाही, पण अमक्याकडे चांगलं होतं’ असे म्हणणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुढच्या वेळीही आधी विचारायला येते. तिसरे काम कळवण्याचे. कुणाच्या नावावर गेलो आणि काम झाले किंवा फिसकटले, तर त्या माणसाला फोन करून सांगायचे. हा एक फोन राहून जातो आणि नाव सांगणारा पुढच्या वेळी गप्प बसतो. व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा किंवा व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी टाकलेले चित्र यांची जागा या तिन्हींच्या नंतरची आहे.

भेटण्यासाठी वेगळी सभा लागतेच असे नाही. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला व्यापारी एकमेकांच्या दुकानी जातात. गणपती पेठेत, मारुती रोडवर त्या संध्याकाळी वर्षभराच्या उधारीची कुरबूर बाजूला राहते आणि नव्या माणसाशी गाठ घालून दिली जाते. गणेश मंडळाच्या अहवालातली जाहिरात गिऱ्हाईक आणत नसेल, पण मंडळाची पोरे दुकान ओळखू लागतात. दुकानदारांची भिशी तर दरमहा एकत्र बसायला लावणारी आणि हप्ता वेळेवर भरतो कोण हे सगळ्यांना दाखवणारी उघडी खातेवहीच आहे. भिशी बुडाली तर पैशांबरोबर ओळखीही बुडतात, म्हणून ती माहितीच्या माणसांत आणि झेपेल एवढ्याच रकमेची ठेवतात.

स्त्रियांचे व्यवसाय

मसाले, पापड, शेवया, शिवणकाम, पार्लर असे घरातून चालणारे व्यवसाय या जाळ्यात सर्वांत कमी दिसतात. सकाळी सातच्या बैठकीला डबे आणि शाळा सोडून कोण जाणार? संक्रांतीचे हळदी-कुंकू आणि बचत गटाची बैठक हीच त्यांची ठिकाणे, आणि तेथे येणाऱ्या बायका बहुधा त्याच गल्लीतल्या असतात. गिऱ्हाईक मिळते, नवी पेठ मिळत नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. पुढे तिच्या जोडीने ग्रामीण स्त्रियांसाठी व्यवसाय शिक्षण, सामुदायिक रेडिओ आणि मुंबईसारख्या शहरात भरणारा माणदेशी महोत्सव आला. माण तालुक्यातल्या बाईचा माल मुंबईच्या अनोळखी गिऱ्हाइकापुढे जातो, दुरून ओळखणारी माणसे तिला मिळतात. गल्लीबाहेरची ही उडी एकटीला झेपणारी नसते, तिला संस्थेचा हात लागतो. अशी सोय प्रत्येक तालुक्याला हवी.

ओळखीची किंमत

‘ओळखीचा चोर जिवे न सोडी’ ही म्हण बाजारात रोज खरी ठरते. ओळखीचे गिऱ्हाईक भाव पाडून मागते, उधारी लांबवते आणि मागायला गेले की रुसते. सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघू उद्योगाने पुरवलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि ही मुदत कितीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या आत, द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांची असते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. कायदा छोट्याच्या बाजूने आहे. पण कामच ज्याच्या शब्दावर मिळाले, त्याच्या मित्रावर व्याज लावायला हात धजत नाही आणि तक्रार राहून जाते. म्हणून कुपवाडमधले जुने कारखानदार नव्या पोरांना सांगतात, की ओळखीचा असला तरी पहिल्या नगापासून पीओ (खरेदीचा लेखी आदेश) घे, माल पोचवल्याच्या चलनावर सही घे, बिलावर तारीख टाक आणि लघुउद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीचा क्रमांक छाप. पहिल्याच दिवशी मागितलेल्या कागदाचा कुणाला राग येत नाही. सहा महिन्यांनी, पैसे अडकल्यावर मागितलेल्याचा येतो.