डोळ्यांवर ओढलेली कुंची : ‘हूडविंक’ची जन्मकथा

इंग्रजी बातमीत कुणी कुणाला गंडवलं असेल, तर ‘हूडविंक’ हे क्रियापद अधूनमधून भेटतं. ‘विंक’ म्हणजे डोळा मारणं हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे त्याचा फसवणुकीशी काय संबंध, असा प्रश्न पडतो. पण पूर्वी ‘विंक’ म्हणजे सरळ डोळे मिटणं. खुणेसाठी एकच डोळा मिटण्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. डुलकीला ‘फॉर्टी विंक्स’ म्हणतात आणि डोळेझाक करण्याला ‘विंक ॲट’, त्यात तो जुना अर्थ अजून तग धरून आहे.

‘हूड’ म्हणजे कुंची. ती पुढे ओढली की डोळे झाकले जातात. सोळाव्या शतकात, १५६० च्या दशकात, हा जोडशब्द लिखाणात आला तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता: डोळे बांधणं. त्यात लबाडी नव्हती.

शिकारी ससाण्याला शांत ठेवण्यासाठी घालतात त्या चामडी टोपीशीही या शब्दाचं नातं जोडलं जातं. टोपीची ही युक्ती युरोपीय शिकाऱ्यांनी अरबांकडून उचलली. त्याआधी ते पाखराच्या पापण्या दोऱ्याने शिवून टाकत. कल्पना मोहक आहे, पण मला ती ओढूनताणून आणलेली वाटते. जुन्या नाटकांत हा शब्द येतो तो माणसांच्या डोळ्यांसाठी.

उदाहरणार्थ, शेक्सपिअरचं ‘ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल’. त्यात पॅरोलिस नावाचा बढाईखोर शिपाई आहे. शत्रूच्या हाती पडलेला नगारा परत आणतो, अशी फुशारकी मारून तो निघतो. त्याच्याच छावणीतले लोक त्याला वाटेत गाठतात, डोळे बांधतात आणि अगम्य बडबड करून आपण शत्रूचे सैनिक असल्याचं भासवतात. घाबरलेला पॅरोलिस छावणीची सगळी गुपितं ओकतो. वर मित्रांची निंदाही करतो, आणि ते मित्र समोरच उभे! हा बेत ठरवताना एक सरदार ‘हूडविंक’ म्हणतो तो डोळे बांधण्याच्या अर्थाने, पण प्रसंग सगळा फसवणुकीचा. दोन अर्थ इतके जवळ आल्यावर एकातून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही. ‘मॅकबेथ’मध्ये, म्हणजे १६०६ च्या सुमारास, मॅकडफ माल्कमला सांगतो की राजाला छुपे चाळे करून जगाला ‘हूडविंक’ करता येतं. तिथे कापडी पट्टी उरलेलीच नाही.

मराठीत आपण ‘टोपी घालतो’ आणि ‘डोळ्यांत धूळ फेकतो’. इंग्रजांनी ही दोन्ही कामं एकाच शब्दात उरकली. आपल्या आंधळ्या कोशिंबिरीलाही त्या काळी ‘हूडमन-ब्लाइंड’ म्हणत. आईने दुसरं लग्न केल्यावर भडकलेला हॅम्लेट तिला विचारतो, कोणत्या सैतानाने तुला या खेळात ठकवलं?