एका पिढीचं सामाईक बालपण : ब्रिटनमधल्या ज्येष्ठांच्या आठवणींमागचा इतिहास

ब्रिटनमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेली तीन-चार माणसं चहाला जमली की बोलणं बालपणाकडे वळायला वेळ लागत नाही. एक ग्लासगोचा, दुसरी लंडनची, तिसरा वेल्समधल्या खाणगावातला. ओळख अगदी निवृत्तीनंतरची असली तरी शाळेतली दुधाची छोटी बाटली प्रत्येकानं प्यायलेली असते. कॉड लिव्हर ऑइलचा चमचा प्रत्येकानं नाक दाबून गिळलेला असतो. फायरप्लेससमोर मांडलेला आंघोळीचा पत्र्याचा टब, परसातल्या संडासात खिळ्याला अडकवलेले वर्तमानपत्राचे चौकोनी तुकडे, खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूनं धरलेलं बर्फ, हेही बहुतेकांना आठवतं.

इतक्या दूरदूरच्या घरांमधली बालपणं इतकी सारखी कशी झाली? सगळेच गरीब होते म्हणून, असं उत्तर सहसा दिलं जातं. मला ते अपुरं वाटतं. गरिबी १९३० च्या दशकातही होती, पण तेव्हा कोणाच्या ताटात काय पडायचं हे त्या घराच्या मिळकतीवर ठरत असे. १९४० ते १९५४ या काळात मुलांनी काय खायचं, काय प्यायचं आणि कोणत्या शाळेत जायचं हे फार मोठ्या प्रमाणात सरकारनं ठरवलं. आज जी आठवण म्हणून सांगितली जाते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा एखादा कायदा किंवा सरकारी योजना असते.

याची सुरुवात युद्धाच्या आधी झाली. जॉन बॉइड ऑर या स्कॉटिश आहारतज्ज्ञानं १९३६ साली दाखवून दिलं की देशातल्या जवळपास निम्म्या लोकांना पुरेसा सकस आहार परवडत नाही. त्याआधी १९२० च्या दशकात त्यानं शाळकरी मुलांना रोज दूध देऊन पाहिलं होतं आणि ती मुलं इतरांपेक्षा वेगानं वाढत होती. युद्ध सुरू झालं, अन्नाची जहाजं बुडू लागली, आणि हे ज्ञान एकाएकी राज्यकारभाराच्या कामाचं झालं. ८ जानेवारी १९४० रोजी बेकन, लोणी आणि साखर रेशनवर आली. पुढे मांस, चहा, चीज आणि मिठाईही आली. लॉर्ड वूल्टन हे अन्नमंत्री आणि जॅक ड्रमंड हे त्यांचे शास्त्रीय सल्लागार. या जोडीनं रेशनकडे केवळ टंचाईची वाटणी म्हणून न पाहता अख्ख्या देशाचा आहार सुधारण्याची संधी म्हणून पाहिलं, आणि माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथेच आहे.

आठवड्याला माणशी साधारण दोन औंस चहा, म्हणजे ५७ ग्रॅम, तेवढंच लोणी, आठ औंस साखर आणि मिळालंच तर एक अंडं. रेशनची पुस्तकं तीन रंगांची होती. मोठ्यांचं फिकट पिवळट, पाच ते सोळा वर्षांच्या मुलांचं निळं, आणि गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया व पाच वर्षांखालची मुलं यांचं हिरवं. हिरवं पुस्तक दाखवलं की फळं आधी मिळत, रोज एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त, दूध मिळे आणि अंड्यांचा वाटा दुप्पट असे. लहान मुलांसाठी घट्ट केलेला संत्र्याचा रस आणि कॉड लिव्हर ऑइल याच धोरणातून घरोघरी गेलं. त्या रसाची गोडी आणि त्या तेलाचा वास आज देशभरातल्या म्हाताऱ्या माणसांना सारखाच आठवतो, कारण दोन्ही एकाच सरकारी योजनेतून आलेलं होतं.

या न्यायाला मात्र साम्राज्याची हद्द होती. ब्रिटनमधल्या तान्ह्या बाळापर्यंत संत्र्याचा रस पोचत होता त्याच काळात, १९४३ साली, त्याच राजवटीखालच्या बंगालमध्ये दुष्काळानं सुमारे तीस लाख माणसं मेली. वूल्टन आणि ड्रमंड यांचं काम वाखाणताना आपण हे विसरता कामा नये.

युद्ध १९४५ मध्ये संपलं, रेशन संपलं नाही. उलट संपूर्ण युद्धात जो पाव खुला होता, तो जुलै १९४६ मध्ये रेशनवर आला आणि दोन वर्षं तिथेच राहिला. म्हणूनच युद्धानंतर जन्मलेली माणसंही रेशनच्या आठवणी इतक्या हक्कानं सांगतात. मांसावरचं रेशन उठलं ते ४ जुलै १९५४ रोजी, आणि तिथे चौदा वर्षांचा हा काळ संपला.

यातली सर्वांत लाडकी आठवण मिठाईची. जुलै १९४२ पासून चॉकलेट, टॉफी, उकडलेल्या साखरेच्या गोळ्या, सगळं कूपनवर. बराच काळ चार आठवड्यांना बारा औंस, म्हणजे ३४० ग्रॅम. मुलं दर शनिवारी कूपन आणि पेनी मुठीत धरून दुकानात जात आणि बरण्यांकडे बघत ठरवत बसत, कारण एकदा घेतलं की पुढच्या खेपेपर्यंत वाट बघायची. एप्रिल १९४९ मध्ये सरकारनं मिठाई खुली केली. मागणी इतकी उसळली की दुकानं रिकामी पडली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा रेशन लावावं लागलं. जेमतेम चार महिने दार उघडून ते तोंडावर बंद झालं, याचं दुःख त्या वेळी सात-आठ वर्षांची असलेली माणसं अजून बोलून दाखवतात. अखेर ५ फेब्रुवारी १९५३ रोजी बंधन कायमचं गेलं. मुलांनी साठवणीचे डबे फोडले. टॉफीत बुडवलेली सफरचंदं, नूगाच्या कांड्या आणि काळ्या लिकरिसच्या पट्ट्या यांवर उड्या पडल्या. लंडनमध्ये क्लॅपहॅमच्या एका कारखान्यानं आठशे मुलांना १५० पौंड वजनाचे लॉलिपॉप फुकट वाटले. साखर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खुली झाली.

या आठवणीला अलीकडे अनपेक्षित जोड मिळाली आहे. साखर खुली होताच लोकांचं तिचं रोजचं खाणं सुमारे ४० ग्रॅमवरून ८० ग्रॅमच्या आसपास गेलं. म्हणजे रेशन उठण्याच्या थोडं आधी जन्मलेली आणि थोडं नंतर जन्मलेली मुलं, बाकी सगळं सारखं असताना, आयुष्याच्या पहिल्या हजार दिवसांत अगदी वेगळ्या प्रमाणात साखर घेत होती. त्या मुलांच्या उतारवयातल्या प्रकृतीची तुलना करणारा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना गर्भात आणि बाळपणी रेशनची साखर मिळाली, त्यांच्यात टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी निघाला.

शाळेच्या दुधाची कथाही अशीच कायद्यातून येते. १९३४ पासून शाळांमध्ये अर्ध्या पेनीला एक तृतीयांश पाइंट दूध मिळू लागलं होतं, पण अर्धी पेनी काही घरांना जड होती. एलन विल्किन्सन या शिक्षणमंत्री बाई मँचेस्टरच्या कामगारवस्तीत वाढलेल्या. त्यांच्या काळात, १९४६ मध्ये, अठरा वर्षांखालच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तेवढं दूध फुकट देण्याचा कायदा झाला. साधारण १८९ मिलिलिटरची बाटली. वर्गातल्या एका मुलाकडे वाटपाचं काम असे आणि तो मोठाच मान समजला जाई. थंडीत दूध गोठून बाटलीवरचं झाकण वर उचललं जाई, मग क्रेट रेडिएटरजवळ ठेवत आणि कोमट झालेलं दूध संपवायला लावत. पुष्कळांना त्यामुळे दुधाचा कायमचा तिटकारा बसला. पण गरीब-श्रीमंत सगळ्यांनी एकाच वेळी तीच बाटली प्यायची, यातली समानता मला फार मोलाची वाटते. १९६८ मध्ये माध्यमिक शाळांतून आणि १९७१ मध्ये सात वर्षांवरच्या मुलांसाठी ते बंद झालं. दुसऱ्या वेळी शिक्षणमंत्री मार्गारेट थॅचर होत्या, आणि ‘दूध हिसकावणारी’ हे बिरुद त्यांना जन्मभर चिकटलं.

पत्र्याच्या टबामागे घरांचा प्रश्न आहे. १९५१ च्या जनगणनेत एक तृतीयांशाहून अधिक कुटुंबांकडे बसवलेला आंघोळीचा टब नव्हता. कामगारवस्त्यांमधल्या एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांत पाणी चुलीवर तापवायचं, आठवड्यातून एकदा टब भरायचा आणि एकामागून एक सगळ्यांनी त्याच पाण्यात उतरायचं. बॉम्बहल्ल्यांनी घरं आणखी कमी केली. तातडीचा उपाय म्हणून कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडलेली दीड लाखांहून अधिक घरं उभी राहिली. ही प्रीफॅब घरं दहा-पंधरा वर्षांपुरती होती, पण त्यांत न्हाणीघर, घरातला संडास आणि चक्क फ्रीज होता. मजूर पक्षाचे माजी नेते नील किनॉक यांच्यासह असंख्य माणसांनी त्यांत वाढल्याचं आनंदानं सांगितलं आहे. तात्पुरत्या घरांमधली काही पुढे अनेक दशकं वापरात राहिली.

घर तापायचं ते कोळशावर, तेही एकाच खोलीत. म्हणून काचेवर आतून बर्फ. १९४७ चा हिवाळा सगळ्यांत भयंकर. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत बर्फ, कोळसा रेल्वेच्या डब्यांत अडकलेला, विजेची कपात, आणि बर्फ वितळल्यावर पूर. हाच कोळसा शहरांच्या हवेतही उतरत होता. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धुरकं असं बसलं की बसच्या पुढे कंडक्टर बत्ती घेऊन चालत. तेव्हा मृतांचा आकडा चार हजार धरला गेला, नंतरच्या संशोधनानं तो बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानं धुराच्या चुलींवर बंधनं आणली आणि कोळशाची फायरप्लेस हळूहळू आठवणीत जमा झाली.

‘आम्ही दिवसभर बाहेर असायचो, जेवायच्या वेळी घरी यायचो’ हे वाक्य तर प्रत्येक गप्पांत येतं. ते खरं आहे, आणि त्याचं मुख्य कारण म्हणजे रस्ते रिकामे होते. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे वीस लाख खाजगी मोटारी होत्या, वीस वर्षांत त्या एक कोटीच्या वर गेल्या. पालक तेव्हा अधिक धाडसी होते असं म्हणण्यापेक्षा गाड्या कमी होत्या असं म्हणावं. शहरात बॉम्ब पडून मोकळ्या झालेल्या जागा हे मुलांचं राज्य होतं. बागरचनाकार मार्जोरी ॲलन यांनी १९४६ मध्ये डेन्मार्कला मोडक्या सामानातून मुलांनी स्वतः उभारलेलं क्रीडांगण पाहिलं आणि ती कल्पना इंग्लंडमध्ये आणली. १९४८ मध्ये लंडनच्या कॅम्बरवेल भागात असं पहिलं मैदान सुरू झालं. त्या काळात आयोना आणि पीटर ओपी हे दांपत्य सत्तरेक शाळांमधल्या सुमारे पाच हजार मुलांकडून खेळ, गाणी आणि कोडी गोळा करत होतं. दोरीवरच्या उड्या, गोट्या, दोरीत ओवलेल्या चेस्टनटच्या बियांची टक्कर, हे सगळं मुलं मुलांकडूनच शिकत होती. इथे मात्र प्रदेश वेगळा की रीत वेगळी, आणि खेळात ‘टाइमप्लीज’ म्हणायला आमच्याकडे काय म्हणत, यावर जुने मित्र आजही हमरीतुमरीवर येतात.

पैशांच्या आठवणीत मराठी माणूस सहज सामील होऊ शकतो. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगचा पौंड. आपल्याकडे बारा पैचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. आपण १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाण्यांवर आलो, ब्रिटन १५ फेब्रुवारी १९७१ रोजी. १९४३ पासून मुंबईतही रेशन होतं. तेव्हा तिकडे स्थायिक झालेल्या त्या वयाच्या मराठी आजोबांना रेशनच्या दुकानापुढची रांग कोणी समजावून सांगावी लागत नाही.

२ जून १९५३ रोजी झालेल्या राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी शेजारच्या एकुलत्या एका टीव्हीपुढे गल्ली जमली होती, हेही सगळे सांगतात. दोन कोटींहून जास्त लोकांनी तो पडद्यावर पाहिला, आणि त्या सणासाठी माणशी एक पौंड जादा साखर मिळाली.

आणि मग विषय अकराव्या वर्षाच्या परीक्षेवर येतो, तिथे हे सामाईक बालपण फुटतं. १९४४ च्या शिक्षण कायद्यानं माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत केलं, पण बहुतेक ठिकाणी अकराव्या वर्षी ‘इलेव्हन प्लस’ घेऊन मुलांची वाटणी होई. साधारण पाचातलं एक मूल ग्रामर स्कूलमध्ये जाई आणि पुढे विद्यापीठाची वाट उघडे. बाकीची बहुतेक सेकंडरी मॉडर्नमध्ये, आणि पंधराव्या वर्षी कामावर. जागांचं प्रमाण जिल्ह्यागणिक बदले. मुलींसाठी जागा कमी असल्यानं काही भागांत त्यांना मुलांपेक्षा जास्त गुण लागत. एकाच गल्लीतली जिवलग मैत्री त्या एका निकालानं तुटली, अशा कथा मी जितक्या वाचल्या तितक्या दुसऱ्या कोणत्याच विषयावर वाचल्या नाहीत.

हा अन्याय नुसत्या आठवणींवर सोडून द्यावा लागला नाही. डॉक्टर जेम्स डग्लस यांनी मार्च १९४६ मधल्या एका आठवड्यात इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या मुलांची नोंद केली होती आणि त्यांतल्या ५,३६२ जणांचा पाठपुरावा चालू ठेवला. त्यांना दरवर्षी वाढदिवसाचं कार्ड जाई. हा अभ्यास अनेक दशकं चालू राहिला आणि ती मुलं मार्च २०२६ मध्ये ऐंशीची होतात. १९६० च्या दशकात डग्लस यांनी दाखवलं की बुद्धी सारखी असली तरी कामगाराच्या मुलाला ग्रामर स्कूलची जागा मिळण्याची शक्यता कमी होती. १९६५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारनं जिल्ह्यांना ही वाटणी बंद करून सगळ्यांसाठी एकच शाळा काढायला सांगितलं. बहुतेकांनी ऐकलं. केंट आणि बकिंगहॅमशर इथे परीक्षा आजही होते, आणि जी आजोबांना अकराव्या वर्षी नापास करून गेली, तिच्या तयारीसाठी नातवंडांना शिकवण्या लावल्या जातात.