ऑस्ट्रेलियातील दिव्यांग सेवांचे तात्पुरते वाढीव दर : पार्श्वभूमी

नॅशनल डिसअ‍ॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम, म्हणजे एनडीआयएस, १ जुलै २०१३ रोजी काही भागांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्याआधी राज्य सरकारे संस्थांना वर्षाचे ठोक अनुदान देत आणि त्यात बसतील तेवढ्या दिव्यांगांना संस्था सेवा पुरवत. नव्या योजनेत पैसा थेट माणसाच्या नावावर आला. प्रत्येक लाभार्थीचा स्वतंत्र प्लॅन, त्यात डॉलरमध्ये ठरलेली रक्कम, आणि संस्थेला पैसे मिळणार ते सेवा दिल्यानंतर, झालेल्या तासांपुरतेच. दरांचा सगळा वाद या बदलातून सुरू झाला.

तासाचा कमाल दर एनडीआयए ही योजना चालवणारी सरकारी यंत्रणा ठरवते. हिशोबाचा पाया मदतनिसाचा पगार. या क्षेत्राचे किमान पगार ठरवणाऱ्या कायदेशीर वेतनपत्रकातला, म्हणजे ‘शॅड्स’ वेतन अवॉर्डमधला मूळ पगार, त्यावर रजा आणि निवृत्तीसाठीचे सुपर, मग देखरेख, नोंदी आणि प्रशिक्षणात जाणारा पगारी वेळ, कार्यालयीन खर्च आणि थोडासा नफा. पगाराचा आकडा अवॉर्डवरून नक्की सांगता येतो. भांडण असते ते वरच्या खर्चाचे. अनुदानाच्या काळात वाढलेली कार्यालये, जुन्या लेखापद्धती, प्रवासातला वेळ हे सगळे तासाच्या दरात बसेना.

मॅकिन्झी कंपनीकडून करून घेतलेल्या दर-परीक्षणाचा अहवाल २०१८ मध्ये आला. त्यानंतर १ जुलै २०१८ पासून वर्षभरासाठी अडीच टक्के तात्पुरती मदत कार्यालयीन खर्चापोटी दिली गेली. १ जुलै २०१९ ला तिची जागा ‘टेम्पररी ट्रान्सफॉर्मेशन पेमेंट’ने, म्हणजे संस्थांना नव्या पद्धतीत रुळेपर्यंत मिळणाऱ्या तात्पुरत्या वाढीव दराने, घेतली. पहिल्या वर्षी मूळ दरावर ७.५ टक्के, नंतर दरवर्षी दीड टक्क्याने कमी : ६, ४.५, ३, १.५, आणि ३० जून २०२४ नंतर शून्य. त्यासाठी संस्थेने आपले दर जाहीर करायचे, संपर्काची माहिती अद्ययावत ठेवायची आणि खर्चाच्या वार्षिक सर्वेक्षणात भाग घ्यायचा, अशा अटी होत्या. या दरांचे सेवा-कोडही वेगळे, शेवटी ‘टी’ अक्षर जोडलेले. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वात नीट आखणी हीच. वेतनवाढीमुळे मूळ दर दरवर्षी वर सरकत होता, त्यामुळे दीड टक्का उतरला तरी संस्थेच्या हाती येणारा आकडा एकदम कोसळत नव्हता.

लाभार्थीच्या बाजूने मात्र हिशोब वेगळा दिसतो. २०१९-२० मध्ये साध्या वैयक्तिक मदतीचा, आठवड्यातल्या कामाच्या दिवसाचा, मूळ कमाल दर तासाला ५२.८५ डॉलर होता आणि वाढीव दर ५६.८१. आठवड्याला १० तास धरले तर वर्षाचे ५२० तास आणि मूळ दराने २७,४८२ डॉलर लागतात. प्लॅनमध्ये एवढीच रक्कम असेल आणि बिल वाढीव दराने लागले, तर ४८३ तासांतच पैसे संपतात. म्हणजे वर्ष पुरे व्हायच्या साडेतीन आठवडे आधी, ज्याला रोज सकाळी अंथरुणातून उठवायला कुणीतरी लागते तो माणूस मदतीविना राहतो. दर वाढवताना प्लॅनमधली शिल्लक त्याच दिवशी, त्याच प्रमाणात वाढवणे म्हणूनच महत्त्वाचे. दर वाढला आणि रक्कम तीच राहिली, तर संस्थेला दिलेली मदत दिव्यांग माणसाच्या तासांतून कापली जाते.

कोविडमध्ये २५ मार्च ते ३० जून २०२० या काळात ठरावीक सेवांवर १० टक्के जादा दर घेण्याची मुभा मिळाली. ऐनवेळी सेवा रद्द झाल्यास ९० टक्क्यांऐवजी पूर्ण शुल्क घेता येऊ लागले आणि ‘ऐनवेळी’ची व्याख्या दहा कामाच्या दिवसांपर्यंत ताणली गेली. नोंदणीकृत संस्थांना एका महिन्याच्या सरासरी कामाइतकी उचलही मिळाली, ती नंतर परत करायची होती. मदतनीस कामावर टिकावेत म्हणून हे गरजेचेच होते. पण वरच्याच उदाहरणात या चौदा आठवड्यांत १४० तासांवर सुमारे ७४० डॉलर जास्त जातात. प्लॅनमध्ये वेगळी भर पडली नाही, तर मूळ दराने तेवढ्यात चौदा तासांची मदत झाली असती.

मुभा होती, सक्ती नव्हती. जाहीर झालेला दर ही वरची मर्यादा असते. तिच्याखाली कितीही दर लाभार्थी आणि संस्था आपसात ठरवू शकतात, आणि स्वतःचा प्लॅन स्वतः सांभाळणाऱ्यांना तर ही मर्यादाही लागू होत नाही. अनेक सेवा-करारांत मात्र ‘त्या वेळचा एनडीआयएसचा कमाल दर’ एवढेच लिहिलेले असते. ते एक वाक्य मान्य केले, की पुढची प्रत्येक वाढ न विचारता लागू होते. मेलबर्न-सिडनीतल्या मराठी घरांनाही, मुलाचा प्लॅन असो की मदतनिसाची नोकरी, हे ठाऊक हवे. करारात मूळ दर एका ओळीत, तात्पुरती वाढ दुसऱ्या ओळीत आणि तिची शेवटची तारीख शेजारी लिहून घ्यावी.

बिलांत चूक हमखास होते ती जूनअखेरीस. दर लागतो तो सेवा दिलेल्या तारखेचा. दावा कधी पाठवला याला महत्त्व नाही. २९ जून ते ५ जुलै या आठवड्याची एकच ओळ टाकली तर तिला एकच दर लागतो आणि काही तास चुकीच्या दराने जातात. ३० जूनपर्यंतची एक आणि १ जुलैपासूनची दुसरी, अशा दोन ओळी कराव्यात.

डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनडीआयएस परीक्षणाने दरांबाबत सल्ला देण्याचे काम एनडीआयएकडून काढून आरोग्य आणि वृद्धसेवांचे दर पाहणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे सोपवावे, अशी शिफारस केली. पैसे देणाऱ्यानेच दर ठरवू नये, ही सेवासंस्थांची जुनी मागणी होती. दर कुणीही ठरवला, तरी प्लॅनमधली रक्कम त्याच तारखेला बदलते की नाही, हे लाभार्थीच्या घरी दर जुलैत पाहावेच लागेल.